गोळीच्या दिवशी गैरहजर

वर्षातून दोन दिवस असे येतात, की वर्गातली हजेरी नेहमीपेक्षा कमी भरते. एक फेब्रुवारीत, दुसरा ऑगस्टमध्ये. त्या दिवशी सण नसतो, गावात लग्न नसते, पाऊसही फारसा नसतो. आदल्या दिवशी फळ्यावर फक्त एवढेच लिहिलेले असते : 'उद्या जंताची गोळी. सर्वांनी हजर राहावे.' एवढे वाचून काही घरांत मुलाला ताप येतो, काही घरांत नानीची आठवण येते. तिसऱ्या दिवशी मूल हसतखेळत वर्गात बसलेले असते.

ही गैरहजेरी फक्त आपल्या मोहल्ल्यात असते असे नाही. उर्दू आणि मराठी, दोन्ही माध्यमांच्या शिक्षकांच्या बैठकीत हा विषय निघतो आणि सगळेच माना डोलावतात. पण हे मासिक ज्या घरांत वाचले जाते त्या घरांशीच बोलायचे, तर आपल्याकडे ऐकू येणारी कारणे नोंदवली पाहिजेत. आम्ही शिक्षक मंडळी गोळी चुकलेल्या मुलांच्या घरी जातो, तेव्हा तीन उत्तरे मिळतात. पहिले, "टीचर, आमच्या घरात साफसफाई असते, हिला जंत कुठून होणार?" दुसरे, "गेल्या वेळी शेजारच्या पोराला उलट्या झाल्या." तिसरे उत्तर दाराशी कोणी देत नाही. आत गेल्यावर, चहा झाल्यावर, आवाज खाली करून विचारले जाते : "आपा, या गोळीने पुढे मुलींना मूल होत नाही म्हणतात, खरं काय?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. आईने विचारायलाच हवेत. मात्र त्यांची उत्तरे मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांतून मिळणार नाहीत.

आधी गोळीविषयी. फेब्रुवारी २०१५ पासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. ठरलेल्या तारखा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. जिल्ह्याच्या सोयीने त्या थोड्या मागेपुढे होतात. १ ते १९ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला अल्बेंडाझोल नावाची ४०० मिलिग्रॅमची गोळी शाळेत किंवा अंगणवाडीत फुकट मिळते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, ती कुटून पाण्यात. दोन ते तीन वर्षांच्या मुलाला पूर्ण, पण तीही कुटूनच. त्यापुढच्या मुलांनी चावून खायची. जे राहतील त्यांच्यासाठी काही दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो. त्याला मॉप-अप म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मातीतून पसरणारे जंत जगात सुमारे १५० कोटी माणसांच्या पोटात आहेत, आणि भारतात २२ कोटींहून जास्त मुलांना त्यांचा धोका आहे. तपासून एकेकाला औषध देण्याइतकी सोय एवढ्या मुलांसाठी कुठून आणायची? गोळी सुरक्षित आणि स्वस्त, म्हणून सगळ्यांनाच दिली जाते.

आता 'आमच्या घरात जंत नाहीत' याविषयी.

आमच्यासारख्या भाषा शिकवणाऱ्यांना एका गोष्टीची गंमत वाटते. संस्कृतातला 'कृमी' आणि फारसीतला 'किर्म' हे एकाच कुळातले शब्द. माणसाच्या दोन जुन्या भाषांना हा पाहुणा इतका जुना ओळखीचा आहे. इब्न सीना यांनी हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून फित्तिब'मध्ये पोटातल्या किड्यांचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत. आणि तरी प्रत्येक घराला वाटते, की तो शेजाऱ्याकडे राहतो.

यातला सर्वांत ओळखीचा गोलकृमी. गांडुळासारखा, वीतभर किंवा त्याहूनही लांब. शौचातून एखादा बाहेर पडला की घरात हाहाकार उडतो. याची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती अंडी शौचातून मातीत जातात आणि दोन-तीन आठवडे किंवा थोडे अधिक दिवस तिथे पिकतात. मग भाजीवरून, बोटांवरून, मुलाने तोंडात घातलेल्या खेळण्यावरून पुन्हा माणसाच्या पोटात. आतड्यात अंडे फुटते, अळी रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात येते, खोकल्याबरोबर घशात चढते आणि गिळली जाऊन परत आतड्यात येते. एवढा वळसा घालून ती तिथे मोठी होते. हा प्रवास खरा की खोटा हे बघण्यासाठी १९२२ साली जपानमधले डॉक्टर शिमेसु कोइनो यांनी गोलकृमीची दोन हजार अंडी स्वतः गिळली. ते आजारी पडले आणि त्यांच्या थुंकीत अळ्या सापडल्या. मुलाचा सुका खोकला कधी कधी पोटातून येतो तो असा. गोलकृमी खूप झाले, तर त्यांचा गुंता होऊन आतडे बंद पडू शकते. पोट फुगलेले, शौचास नाही, उलट्या थांबत नाहीत अशा मुलाला त्या वेळी गोळी नको, थेट रुग्णालय.

चाबूककृमी मोठ्या आतड्यात राहतो. आव-रक्त पडणे, पोटात मुरडा येणे ही त्याची लक्षणे. त्याच्यावर ही एक गोळी थोडी कमी पडते, म्हणून तक्रार राहिलीच तर डॉक्टर निराळे औषध देतात.

पण आम्हाला जास्त बोलायचे आहे ते अंकुशकृमीविषयी, कारण तो दिसत नाही आणि आमच्या वर्गातल्या मुलींचे सगळ्यात जास्त नुकसान करतो.

हा जेमतेम सेंटिमीटरभर लांब. तो सहसा तोंडातून जात नाही. मातीतल्या त्याच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. ही गोष्ट कळली तीही अपघातानेच. १८९० च्या दशकात कैरोत काम करणारे जर्मन संशोधक आर्थर लूस यांच्या हातावर प्रयोग करताना अळ्यांचे पाणी सांडले. त्या जागी आग होऊ लागली, लाली आली. पुढे त्यांच्या स्वतःच्या शौचात अंकुशकृमीची अंडी सापडली, तेव्हा उलगडा झाला. अळ्यांना दमट, सावलीची, भुसभुशीत माती आवडते. म्हणजे आपले कोकण. नारळी-पोफळीची बाग, परसातली केळ, भाताच्या शेताचा बांध. तिथे कुणी परसाकडे जात असेल, किंवा संडासाची टाकी फुटून झिरपत असेल, तर पावसाळ्यात तरवा काढायला आणि लावणीला उतरणाऱ्या बायकांचे व पोरींचे पाय त्या मातीत रोज आठ-आठ तास असतात. पायांना खाज येते, पुरळ उठते. सगळे म्हणतात, चिखल्या झाल्या. चिखल्या असतातही, प्रत्येक खाज म्हणजे जंत नव्हे. पण ज्या घरात दरवर्षी लावणीनंतर पोरी पिवळ्या पडतात, त्या घराने हा विचार करायला हवा.

अंकुशकृमी लहान आतड्याला दातांनी चिकटून रक्त पितो. त्याच्या दोन मुख्य जाती आहेत. त्यांतला कमी रक्त पिणारा एक कृमी दिवसाला ०.०३ मिलिलिटर रक्त घेतो. थेंबाहूनही कमी. पण असे शंभर असले तर रोज ३ मिलिलिटर, म्हणजे महिन्याला ९० मिलिलिटर. कटिंग चहाचा एक ग्लास डोळ्यांसमोर आणावा. दुसरी जात याच्या पाच-सहा पट रक्त पिते. आणि हे पाहुणे वर्षानुवर्षे मुक्काम करतात. ज्या मुलीची पाळी नुकतीच सुरू झाली आहे, जिच्या ताटात भावाच्या नंतर उरलेले मटण येते, तिच्या अंगातून महिन्याला आणखी एवढे रक्त जात असेल तर तिचे काय होणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींना रक्तक्षय आढळला. यात जंत हे एकच कारण नाही. अपुरा आहार, पाळीतला रक्तस्राव, जेवणाबरोबर प्यालेला चहा, सगळे मिळून हे होते. पण शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी देताना आम्हाला हा हिशेब दिसतो : वरून लोह घालायचे आणि खाली भोक तसेच ठेवायचे.

अशी मुलगी वर्गात ओळखू येते. ती मस्ती करत नाही. प्रार्थनेला उभी असताना तिला घेरी येते. माती, खडू, पाटीची पेन्सिल गुपचूप खाते. जिना चढून आली की बाकावर डोके टेकते. गुणपत्रिकेत तिच्याविषयी 'शांत स्वभाव' असे लिहिले जाते, आणि घरी सगळे खूश होतात की पोरगी फार गरीब आहे. १९०९ साली अमेरिकेत रॉकफेलर यांच्या पैशाने अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली, तेव्हा तिथल्या दक्षिणेकडच्या अनवाणी, गरीब लोकांनाही जग 'आळशी' म्हणत होते. या कृमीला वर्तमानपत्रांनी आळसाचा जंतू असे नावच पाडले होते.

गोळी खाल्ली की मूल हुशार होते, असा दावा आम्ही करणार नाही. केनियातल्या शाळांत मायकल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी केलेल्या अभ्यासात जंतनाशक औषधानंतर मुलांची गैरहजेरी सुमारे चौथाईने कमी झाल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. नंतर इतर संशोधकांनी त्या आकड्यांवर बरेच वाद घातले आणि ते वाद अजून मिटलेले नाहीत. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला फायदा जास्त. ज्याच्या पोटात नाहीतच, त्याला फायदाही नाही आणि तोटाही नाही, इतके शिक्षक म्हणून आम्हाला पुरेसे आहे.

दुसरा प्रश्न उलट्यांचा. होय, गोळीनंतर काही मुलांना मळमळते, पोटात दुखते, एखाद्याला उलटी होते, गरगरते. पोटात जंत जास्त असले तर हे जास्त होते. मूल सावलीत पडून राहिले, पाणी प्याले, की काही तासांत ठीक होते. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देऊ नये. बरे झाल्यावर मॉप-अपला द्यावी. फिट येणाऱ्या मुलाच्या आईने शाळेत तसे आधी सांगावे आणि डॉक्टरांना विचारूनच गोळी द्यावी. घरात कुणी गरोदर असेल तर तिने शाळकरी मुलाची गोळी आपणही घेऊन टाकू नये, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. तिच्यासाठी सरकारी दवाखान्यातला सल्ला वेगळा असतो. आणि एक फार महत्त्वाचे. रडणाऱ्या लहान मुलाला आडवे पाडून, नाक दाबून गोळी कधीही घशात ढकलू नका. गोळीचे औषध धोक्याचे नाही, पण श्वासनलिकेत अडकलेली गोळी जीव घेऊ शकते. कुटून, पाण्यात कालवून, मूल बसलेले असताना द्या. नाही घेतली तर दुसऱ्या दिवशी पाहू.

तारीख रमजानात आली तर रोजेदार मुलांचे आईबाप बुचकळ्यात पडतात. ही काही ठरल्या घटकेलाच घ्यायची गोळी नव्हे. शाळेला किंवा नर्सताईंना सांगून इफ्तारनंतर घेण्याची सोय विचारावी. गोळी टाळायला तेवढे एक कारण नको.

तिसरा प्रश्न कुजबुजीचा. तो कुठून आला हे आम्ही समजू शकतो. १९७६ सालच्या सक्तीच्या नसबंदीची आठवण आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनातून गेलेली नाही, आणि सरकारने दारात आणलेल्या कुठल्याही औषधाकडे त्याच नजरेने बघण्याची सवय तेव्हापासून लागली. पोलिओच्या थेंबांविषयी उत्तर प्रदेश, बिहारात अगदी हीच अफवा होती. तिथे उलेमांनी जुम्याच्या खुतब्यातून आवाहने केली, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लियासारख्या संस्था पुढे आल्या, मोहल्ल्यातल्याच बायका घरोघर फिरल्या. देशातला शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालातल्या हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्यांनी ते थेंब घेतले ती मुले आज स्वतः आईबाप आहेत. जंताची गोळीही तीच, जी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये विकत मिळते, आश्रमशाळेत मिळते, कॉन्व्हेंटमध्ये मिळते. अल्बेंडाझोल जंताला साखर शोषून घेऊ देत नाही; त्याची उपासमार होऊन तो मरतो. मुलीच्या गर्भाशयाशी तिचा काही संबंध नाही. उलट अंगात रक्त नसलेल्या मुलीचे बाळंतपण किती कठीण जाते, हे ज्या घराने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

इथवर गोळीचे झाले. पण गोळी आज पोटात असलेले जंत मारते. उद्या येणाऱ्यांना ती अडवत नाही. माती आणि सवयी त्याच राहिल्या तर वर्षभरात गोलकृमी जवळजवळ पहिल्याइतकेच होतात. म्हणून आता थोडे नाजूक बोलायचे आहे.

आपल्या घरांत पाकीची समज मोठी आहे. लोटा, पाणी, डावा हात, वजू, गुसल. लहान मूल बोलायला लागते त्याच्या आगेमागेच तहारत शिकते. ही फार मोठी शिदोरी आहे आणि तिचा आम्हाला अभिमान वाटतो. पण पाक आणि साफ या दोन शब्दांत थोडे अंतर आहे, आणि जंताचे अंडे बरोबर त्या अंतरात राहते. ते केसाच्या जाडीहून बारीक असते. गोलकृमीचे अंडे चिकटही असते. इस्तिंजा केल्यावर हात पाण्याने धुतला, वास गेला, डाग गेला, हात पाक झाला. पण नखाखालचे अंडे साबणाने चोळल्याशिवाय निघत नाही. वजूत हात दिवसातून पाच वेळा धुतले जातात, त्याने पुष्कळ फायदा होतो, तरी वजू साबणाची जागा घेत नाही. करोनात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले सॅनिटायझर तर या अंड्यांपुढे निकामी आहे. पाण्यात टाकलेल्या क्लोरीनलाही ती दाद देत नाहीत. उकळल्यावर मात्र मरतात.

आमची एक साधी विनंती आहे. मशिदीच्या बैतुलखल्यापाशी, मदरशात, शाळेत, साबणाची वडी कुठे आहे ते एकदा बघा. बहुतेक ठिकाणी ती वजूखान्यात किंवा बेसिनपाशी असते, म्हणजे दोन दारे उघडून आणि एक कडी लावून झाल्यावर. ती संडासाच्या दाराशीच हवी. विश्वस्त मंडळी घुमटाच्या रंगावर तीन बैठका घेतात. जाळीत बांधलेल्या साबणासाठी अर्धी बैठक पुरेल. दावतीतही तसेच. चिलमची फिरते, बोटांवर पाणी पडते, आणि एका थाळ्यात सहा हात जातात. थाळ्यात एकत्र जेवण्यातली बरकत कुणी घालवावी असे आम्ही म्हणत नाही. पाण्याबरोबर साबण फिरवा.

नखे कापणे आपल्याकडे सुन्नत आहे, जुम्याला कापण्याचा रिवाज आहे. मोठ्यांची कापली जातात. पोरांची राहतात, आणि ईदेसाठी मेंदी खुलावी म्हणून मुलींची तर वाढवली जातात. शनिवारी वर्गात नखे तपासायची पद्धत काही शाळांत अजून आहे. ती आमच्या मते बंद पडू नये.

आणखी एक घरगुती समज. तान्ह्या बाळाची शी म्हणजे काही घाण नव्हे, ती गटारात टाकली, अंगणात पाण्याने लोटली तरी चालते, असे मानले जाते. दूधपित्या बाळाचे एक वेळ ठीक. पण रांगणारे, वरचे खाणारे दीड-दोन वर्षांचे मूल अंगणात बसते तेव्हा तिथे दहा घरांच्या पोरांसाठी अंडी पेरली जातात. ती संडासातच गेली पाहिजे. अंगणात खेळायला जाताना चप्पल पायात पाहिजे, आणि घरातल्या संडासासाठी चपलेचा वेगळा जोड.

आता एक असा समज, जो फक्त आपल्याच घरांत आहे. "आपण डुक्कर खात नाही, आपल्याला त्याचे जंत होणार नाहीत." निम्मे खरे आहे. डुकराच्या मांसातून होणारा पट्टकृमी ते मांस खाणाऱ्यालाच होतो. पण त्याच्या शौचातून पडलेली अंडी भाजीवरून, पाण्यातून, स्वयंपाक करणाऱ्याच्या हातांवरून कुणाच्याही पोटात जाऊ शकतात, आणि मग अळीची गाठ थेट मेंदूत बसते. भारतात फिट येण्यामागे हे एक मोठे कारण आहे. १९९२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्कमधल्या कट्टर धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबांची हकिकत आली. ती कुटुंबेही डुकराला स्पर्श करत नाहीत. तरी तिथल्या चौघांना फिट येऊ लागल्या आणि मेंदूत याच कृमीच्या गाठी सापडल्या. तपासात बोट गेले ते घरकामाला असलेल्या स्त्रियांकडे. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या त्या स्त्रियांपैकी कुणाच्या पोटात हा कृमी असेल तर त्याची अंडी हातांवरून त्या घरांच्या जेवणात गेली असणार. त्या बिचाऱ्यांना स्वतःलाही त्याचा पत्ता नसणार. म्हणजे हलालच्या ताटावरही कुणाच्या तरी न धुतलेल्या हाताचा भरवसा असतोच.

आपल्याकडे हा मार्ग कचुंबरातून जातो. बिर्याणी तासभर दमावर असते, तिच्यात काही उरत नाही. शेजारच्या ताटलीतला कच्चा कांदा, कोबी, गाजर, वरून भुरभुरलेला पुदिना-कोथिंबीर, हे मात्र मांडवामागच्या टोपात एकदा बुचकळून काढलेले असते. मुंबईत रेल्वे रुळांशेजारी नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक आणि माठ सगळ्यांनी पाहिला आहे. पालेभाजी निवडून, देठ सुटे करून, वाहत्या पाण्यात तीन-चार वेळा धुवा. शिजवायची असेल तर चिंता नाही. कच्ची खायची असेल तर ती कुठून आली हे माहीत असावे. अर्धकच्च्या कबाबाची चवही सोडावी. मोठ्या जनावराच्या मांसातूनही पट्टकृमी येतो, आणि तो आतून लाल राहिलेल्या तुकड्यात जिवंत असतो.

बकरी ईदेला एक गोष्ट लक्षात ठेवा. कुर्बानीच्या जनावराच्या कलेजीत किंवा फुप्फुसात कधी पाण्याने भरलेले पांढरट फुगे सापडतात. तो भाग कापून कुत्र्यापुढे टाकण्याची पद्धत आहे. ते फुगे एका कृमीच्या अळ्यांचे घर असते. कुत्र्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात तो कृमी वाढतो, त्याची अंडी गल्लीभर पसरतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली की तसाच फुगा माणसाच्या यकृतात तयार होतो. मग शस्त्रक्रियेची पाळी येते. असा भाग खोल खड्ड्यात पुरावा. कुत्री उकरतील इतका वरवर नव्हे.

दादी-नानींच्या बटव्याचा उल्लेख केला नाही तर त्या रागावतील. वावडिंगाचे पाणी, किरमाणी ओवा, पपईच्या बिया, वर एरंडेल. हे सगळे अडाणीपणाचे नव्हते. किरमाणी ओव्यापासून निघणारे सँटोनिन हे एके काळी डॉक्टरही जंतावर देत असत. पण त्याची मात्रा चुकली तर ते अंगावर उलटते, म्हणून ते मागे पडले. आता हाताशी सुरक्षित गोळी असताना लेकरावर ओव्याचा प्रयोग नको. गोड खाल्ल्याने जंत होतात, हेही खरे नाही. गुळात अंडी नसतात, गूळ धरलेल्या हातावर असू शकतात. झोपेत दात खाणे, चेहऱ्यावरचे पांढरट चट्टे यांचा दोष जंतांवर टाकतात, पण तो बहुतेकदा त्यांचा नसतो. मूल वाळत चालले की नजर काढली जाते, ताविज बांधला जातो. दुआ जरूर करावी. तिच्याबरोबर एका छोट्या डबीत शौचाचा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन द्यावा. तिथे त्याची लाज कुणाला वाटत नाही.

पूर्णवेळ मदरशात शिकणारी, किंवा शाळा सुटलेली मुले-मुली या गोळीतून हमखास वगळली जातात. त्यांच्यासाठी गावची अंगणवाडी आहे. १९ वर्षांपर्यंतच्या शाळाबाह्य मुलांना तिथे गोळी द्यावी, असा नियमच आहे. मोहतमिम साहेबांनी आशाताईंना एक निरोप पाठवला तर त्या मदरशात येऊनही देतील. घरी बसवलेली सतरा वर्षांची मुलगी अंगणवाडीत जायला लाजते. तिच्याबरोबर अम्मीने जावे.

राहिले ते चुनचुने, म्हणजे सुतासारखे बारीक पांढरे कृमी. हे मातीतून येत नाहीत, एकाच अंथरुणातून घरभर फिरतात. रात्री मूल झोपले की मादी गुदद्वारापाशी येऊन अंडी घालते, खाज सुटते, मूल खाजवते, आणि तीच बोटे तोंडात जातात. मूल रात्री चुळबुळत असेल तर झोपल्यावर तासा-दोन तासांनी टॉर्च लावून बघावे. दोरे हलताना दिसतात. मुलींना पुढच्या बाजूलाही खाज येते आणि त्या कुणाला सांगत नाहीत, म्हणून आईने आपणहून विचारावे. सकाळी उठल्याबरोबर मुलाला साबणाने धुवावे. चड्डी रोज बदलावी, चादर न झटकता गुंडाळून उचलावी आणि गरम पाण्यात धुवावी. इथे एकट्या मुलाला गोळी देऊन भागत नाही. डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी, अब्बा आणि दादासकट, एकाच दिवशी घ्यावी, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण पहिली गोळी अंड्यांना मारत नाही. दुसरी तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा. खाज तिसऱ्या दिवशी थांबते, आणि मग घरात कुणाला आठवण राहत नाही.